सुंदराबाईच्या भिंतीवरची काच

माझ्या नोकरीत मला कोणी चहा पाजला की पहिला विचार यायचा, हा का पाजतोय? मी रस्त्याच्या कामांवर मटेरियल इंजिनिअर होतो. माती, खडी, डांबर, सिमेंट तपासायचं आणि जे बरोबर नाही त्याला नाही म्हणायचं, हे माझं काम. वहीत 'नामंजूर' लिहिलं की दुसऱ्या दिवशी साइटवरची माणसं नमस्कार घालायची बंद व्हायची, आणि दोन दिवसांनी दुप्पट घालायला लागायची. दुप्पट घालायला लागली की मी जास्त सावध व्हायचो.

ज्या रस्त्याविषयी सांगतोय तो लातूरकडून नांदेडकडे येणारा, खासगीकरणातून झालेला चौपदरी रस्ता. खासगीकरण म्हणजे काय, हे मला आजही पाहुणे विचारतात. सरकारकडे पैसा नसतो. मग एखादी कंपनी कर्ज काढून रस्ता बांधते, पुढची कितीतरी वर्षं टोल घेते आणि मुदत संपली की रस्ता सरकारला परत करते. लोक म्हणायचे, खड्डे त्यांनाच बुजवायचेत, मग ते वाईट कशाला बांधतील? मलाही आधी तसंच वाटायचं. पुढे कळलं की टोल घेणारी कंपनी एक आणि रस्ता बांधणारी दुसरी, तिच्याच भावकीतली. बांधणारीला झटपट आटपून पुढच्या कामावर जायचं असतं. या सगळ्यांवर नजर ठेवायला आमच्यासारखी तिसरीच सल्लागार संस्था नेमलेली. आमचा पगार अर्धा सरकारकडून, अर्धा कंपनीकडून. त्यामुळे सरकारला वाटायचं आम्ही कंपनीचे, कंपनीला वाटायचं आम्ही सरकारचे आणि गावांना वाटायचं आम्ही त्या दोघांचे मिळून.

झालेल्या रस्त्याला आम्ही भोक पाडून तांब्याएवढ्या जाडीचा गोल तुकडा बाहेर काढतो आणि त्याचे थर मोजतो. तो कुठून काढणार हे साइटवाल्यांना आधी कळलं की तेवढीच जागा चांगली करून ठेवतात. म्हणून मी एक युक्ती काढली. रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही थांबवायचं आणि म्हणायचं, "मामा, एक ते नऊमधला एक आकडा सांगा." ते सांगतील त्या खुणेवर मशीन लावायचं. वर्षभर हे छान चाललं. एका सकाळी डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या एका माणसानं माझा प्रश्न पुरा व्हायच्या आधीच "चार" म्हणून टाकलं. मी त्याच्या पायाकडे पाहिलं. पायात कंपनीचे बूट होते.

अशा धंद्यात माणूस संशयी होतो, आणि संशयी झाला की स्वतःला हुशार समजायला लागतो. माझं तेच झालं.

गावाचं नाव बदलून सांगतो. माळेवाडी म्हणू. लातूरकडच्या मोठ्या भूकंपाला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती. माळेवाडीत भूकंपानं माणसं गेली नव्हती, पण दगडामातीची घरं खिळखिळी झाली होती. वरची जड मातीची माळवदं उतरवून लोकांनी पत्रे टाकले होते; भिंती मात्र त्याच होत्या. आमचा रस्ता गावाच्या अंगावरून जात होता. मातीचा भराव घट्ट बसवायला थरथरणारा रोलर वापरतात. त्याचं लोखंडी पिंप नुसतं फिरत नाही, आतून हादरतं, आणि त्या हादऱ्यानं माती बसते. शेजारी उभं राहिलं तर पायातून पोटापर्यंत जाणवतं.

माळेवाडीसमोर पहिल्यांदा रोलर सुरू झाला तो सकाळी दहाचा सुमार. पाच मिनिटांत सगळं गाव रस्त्यावर आलं. बायकांच्या हाताला पीठ, एका म्हाताऱ्याच्या अर्ध्या गालाला साबण, एकीच्या हातात चुलीवरून उचललेलं भगुलं. कुणी ओरडत नव्हतं. सगळे मोकळ्या रानात जाऊन उभे राहिले आणि घरांकडे बघू लागले. भूकंपाच्या साली मी निलंग्याला कनिष्ठ अभियंता होतो, ढिगारे उपसायला गेलो होतो. मला ते बघणं ओळखू यायला हवं होतं. ऑपरेटर हसला आणि, खरं सांगायचं तर, मीही हसलो.

एक बाई मात्र रानात गेली नाही. साठीची, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती थेट रोलरसमोर येऊन उभी राहिली. हिचं नाव सुंदराबाई.

"बंद करा आधी," ती म्हणाली. "तुमचा रूळ नाचाय लागला की माझ्या देवळीतलं पाणी हालतंय."

"मावशी, रोलर आहे तो. भूकंप नाही."

"मला कळतंय भूकंप न्हाई ते. भिंतीला कळतंय का?"

तिची धाकटी बहीण भूकंपात घरादारासकट गेली होती. तेव्हापासून सुंदराबाई भिंतीतल्या देवळीत पाण्यानं भरलेली वाटी ठेवायची आणि येताजाता तिच्याकडे बघायची. तिनं मला घरात नेलं. भिंतींना वरपासून खालपर्यंत तडे होते. काही जुने, आत कोळ्यांची जाळी झालेली. दोन मात्र नवे दिसत होते.

कंपनीचे मॅनेजर राव राज्याच्या सीमेपलीकडचे, हिंदीतून बोलायचे. ते बाहेरूनच म्हणाले, "सब पुराने क्रैक हैं साब. इनको नया घर चाहिए, और क्या." काम मात्र थांबवावं लागलं, कारण गाव रोलरपुढून हलायला तयार नव्हतं. खरं-खोटं ठरवण्याचं काम माझ्यावर आलं.

तडा वाढतो की नाही हे बघायची जुनी, स्वस्त रीत आहे. तड्यावर आडवी, पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरनं चिकटवायची आणि तारीख लिहायची. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकते. नांदेडला जुन्या गावात युसूफभाई म्हणून तसबिरींना काच बसवणारे होते, त्यांच्याकडून मी पट्ट्या कापून घेतल्या. "इतनी पतली काच का क्या करते?" त्यांनी विचारलं. भिंतीला लावणार म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय वाढवला नाही. त्यांच्याकडच्या हिऱ्याच्या कलमानं प्रत्येक पट्टीच्या कोपऱ्यात मी एक बारीक फुलीही कोरून घेतली. कुणी माझी काच फोडून दुसरी लावली तर कळावं म्हणून. ही फुली मी कुणालाच सांगितली नाही.

नऊ घरांत पट्ट्या लावल्या. सुंदराबाईनं दोनदा विचारलं, "ह्यात मशीन हाय का? आमचं बोलणं तिकडं ऐकू जातंय का?" नाही म्हटल्यावर तिचा संशय वाढलाच.

दहावी जागा होती बिरादार सरांची. लातूरच्या शिकवण्यांचा तो भरभराटीचा काळ. लांबलांबच्या तालुक्यांतली पोरं गाद्या-ट्रंका घेऊन लातुरात उतरायची. शहरात खोली मिळेना, तेव्हा काही हुशार माणसांनी शहराबाहेर निवासी वर्ग काढले. बिरादार सरांनी माळेवाडीत रस्त्याला लागून दुमजली इमारत उठवली होती. खाली वर्ग, वर साठ मुलांच्या खाटा. अलीकडच्या वळणावर पाटी होती: 'डॉक्टर व्हायचंय? पुढचं वळण.' माणूस अतिशय गोड. "रस्ता झालाच पाहिजे साहेब, आमच्या पोरांचाच फायदा आहे," म्हणाले. स्वतः शिडी धरून त्यांनी मला तीन पट्ट्या लावू दिल्या. माझी मुलगी तेव्हा लातूरला अकरावीत होती. बोलता बोलता ते निघालं. पुढच्या खेपेला सरांनी मला प्रश्नसंचांचा भलामोठा गठ्ठा दिला. "बाजारात मिळत नाही हा. आपल्या लेकीसाठी."

चहाच्या कपाला घाबरणारा मी, तो गठ्ठा काखेत मारून घरी आलो.

काचांचा निकाल लागेपर्यंत म्हणून गाव बाजूला झालं आणि रोलर पुन्हा सुरू झाला. दर सोमवारी मी पट्ट्या बघायला जायचो. पहिल्याच सोमवारी सुंदराबाईच्या घराशी पोचलो तर दार उघडं होतं. आत ती भिंतीपुढे उभी होती आणि माझ्या पट्टीवर अंगठा ठेवून दाबत होती. कट् असा आवाज झाला. मी तसाच मागं फिरलो, अंगणातून खाकरलो आणि परत आत गेलो.

"तडकली की सायब," ती म्हणाली.

मी नवी पट्टी लावली आणि मनात तिचा निकाल लावून टाकला. तीन आठवड्यांत नऊ घरांपैकी सहा घरांतल्या पट्ट्या फुटल्या. दर वेळी मला तो अंगठाच आठवायचा. बिरादार सरांच्या तिन्ही पट्ट्या मात्र अखंड. रस्त्याला सगळ्यात जवळ तीच इमारत. जवळची काच शाबूत राहते आणि लांबच्या घरातली फुटते, याचा अर्थ काय? मी अहवालात लिहिलं की हादऱ्यांनी नुकसान होत असल्याचा पुरावा नाही. पट्ट्या हातानं फोडल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. रावांनी तो अहवाल तहसीलमध्ये दाखवला. चार पोलिस आले आणि काचा फुटल्यावर पुन्हा रोलरपुढं उभ्या राहिलेल्या गावाला बाजूला केलं. अहवालाचं कौतुक झालं. मलाही तो आवडला होता.

त्यानंतर आठवडाभरानं दुपारच्या उन्हात सुंदराबाई आमच्या कॅम्पवर आली. चार किलोमीटर चालत. पत्र्याच्या प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. बस म्हटलं तर बसली नाही.

"तुमी लिवलं म्हणं, आमी काचा फोडतो."

"मावशी, मी डोळ्यांनी बघितलंय."

ती म्हणाली, "बरं. मग डोळ्यानं अजून एक बघा. सरांच्या काचंवर धूळ न्हाई."

"म्हणजे?"

"तुमच्या रस्त्याचा फुफाटा साऱ्या गावावर बसून राहिलाय. माझ्या भाकरीत माती, देवावर माती. माझ्या भिंतीच्या काचंवर बोट फिरवलं तर नाव लिवता येतंय. सरांची काच कशामुळं लखलखती? म्या तिथं रोज साठ पोरांच्या भाकरी थापती सायब. वरल्या खोलीत झाडाय जाती. तिथं भिंतीवर मोठमोठाले कागद डकवलेत. मागून वारा येतोय."

मी म्हणालो, "आधी का नाही सांगितलं?"

"तिथलं काम जाईल म्हणून," ती म्हणाली. "आता त्या भिंतीखाली पोरं झोपलेली दिसतात न् मला जेवण जाईना."

जीपमध्ये बसवतो म्हटलं तर नको म्हणाली. तिला माझ्यासोबत कुणी बघायला नको होतं. मी एकटाच गेलो. बिरादार सर दारातच भेटले, हसून चहा सांगायला लागले. मी सरळ शिडी मागितली. पहिली पट्टी पाहिली. तारीख बरोबर, अक्षरही माझ्यासारखंच. वर धुळीचा कण नव्हता. कोपरा पाहिला. फुली नव्हती. दुसरीवर नव्हती. तिसरीवरही नव्हती.

नऊ घरांतल्या पट्ट्यांची फुली मी दर सोमवारी भिंग लावून बघत होतो. सरांच्या पट्ट्यांची एकदाही पाहिली नव्हती.

वर जाऊन भिंतीवरचा अभ्यासाचा तक्ता उचलला. मागच्या तड्यात माझी करंगळी गेली. दुसऱ्या तक्त्यामागं तसाच. मग खाली येऊन इमारतीच्या कडेला दोन मजुरांना खणायला लावलं. पाया काळ्या मातीत, जेमतेम गुडघ्याएवढा. ही माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. तिच्यावर दुमजली घर उठवायचं तर पार मुरमापर्यंत खाली जावं लागतं. शेजारून आम्ही गटाराची चारी खणली होती. म्हणजे आधीच पाय नसलेल्या इमारतीच्या बाजूची माती आम्हीच काढून घेतली होती, आणि वर रोज रोलर नाचवत होतो.

"सर, किती वेळा बदलल्या?" मी विचारलं.

त्यांनी खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. "चार वेळा. पहिल्याच दिवशी फुटली. साहेब, परीक्षेला दोन महिने राहिलेत. आत्ता वर्ग बंद झाला तर पालक पोरं काढून नेतील. परीक्षा झाली की दुरुस्तीच करणार होतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्या लेकीच्या वयाचीच पोरं आहेत. त्यांचं वर्ष जाईल."

"म्हणूनच," मी म्हणालो.

त्याच दुपारी मी रोलर थांबवला आणि पहिला अहवाल मागं घेत असल्याचं पत्र लिहिलं. तेवढं एक पान लिहायला मला चार कागद लागले. आमच्या टीम लीडरनी ते वाचून विचारलं, "आधी लिहिलंस गाव खोटं. आता लिहितोस सर खोटे. तिसऱ्या वेळी कोण?" राव तर थेट म्हणाले, "साब, किसने खरीदा आपको?" दोन्ही प्रश्न रास्त होते, त्यांच्या जागी मीही तेच विचारलं असतं. तरी पत्र गेलं. तहसीलदारांनी दुसऱ्या दिवशी इमारत रिकामी करायला लावली. साठ मुलं गाद्या डोक्यावर घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली, शाळा सुटल्यावर तिथंच झोपू लागली. काही पालक येऊन मुलांना घेऊन गेले. त्यांतल्या एकानं मला शिव्या दिल्या.

इमारत पडली नाही. हेही सांगायला हवं. पुढं सरांनी वरचा मजला उतरवला, पाया बांधून घेतला आणि ती अजून उभी आहे. त्यामुळे मी पोरांना वाचवलं की विनाकारण उठवलं, हे कधीच सिद्ध झालं नाही. लातूरच्या दुसऱ्या एका वर्गवाल्यानं मला फोडलं अशी बातमी पसरली. प्रश्नसंचांचा गठ्ठा मी परत पाठवला, पण माझ्या मुलीनं तोवर सगळे सोडवून टाकले होते.

माळेवाडीसमोरच्या पट्ट्यात रोलर हादरे बंद करून चालवायचा असं ठरलं. म्हणजे नुसत्या वजनानं माती दाबायची. त्यासाठी थर पातळ घ्यावे लागतात, वेळ दुप्पट लागतो आणि तरी माती हवी तितकी घट्ट बसत नाही. रोज घनता मोजून आकडे मी लिहायचो. ते थोडे कमी येत होते. एरवी मी 'नामंजूर' लिहून थर उखडायला लावला असता. इथं उखडून पुन्हा दाबायचं तर हादरे द्यावे लागले असते. मी 'मंजूर' लिहिलं आणि खाली सही केली. तीस वर्षांत समजून-उमजून केलेली ती माझी एकच चुकीची सही.

काम गावापुढून सरकलं तेव्हा मी सुंदराबाईकडे गेलो. वर्गावरच्या भाकऱ्यांचं काम तिच्याकडून गेलं होतं. कोण बोललं ते सरांना कळायला वेळ लागला नव्हता. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"आता कशाला आलाव? सही पायजे का कशावर?"

"नाही मावशी. माफी मागायला आलो."

तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. कागद लपवलाय का ते बघत असावी. कागद नाही याची खात्री झाल्यावर पुढ्यातलं पोतं थोडं सरकवलं. मी बसलो.

"मी एकदा तुम्हाला काच दाबताना बघितलं," मी म्हणालो, "आणि मग बाकी सगळ्या तुम्हीच फोडल्या असं धरून चाललो."

"ती फोडली व्हती की म्या. पयली." ती शेंगा सोलायची थांबली नाही. "बाकीच्या न्हाईत."

"का फोडली पण?"

"खरी हाय का नुस्ता देखावा, ते बघाय. आजवर लई जण आले. भिंतीवर खडूनं आकडे लिवून गेले, फोटू काढून गेले. म्हणलं ह्यो बी पलास्टिक लावून गेला आसंल. अंगठा ठिवला, तर गेली की कटकन." ती पहिल्यांदाच जरा हसली. "मग कळलं, खरी हाय. तवा म्हणलं, ह्या सायबावर भरोसा ठिवाय हरकत न्हाई."

मी तिथं बराच वेळ शेंगा सोलत बसलो. तिला कंपनीकडून भरपाई मिळावी म्हणून पत्रं लिहिली. अखेर नऊ घरांच्या भिंतींना सिमेंटचे पट्टे मारून मिळाले. काम कसं झालं ते बघायला मी स्वतः उभा राहिलो. दुसरा माणूस पाठवायचा विश्वास नव्हता. तिचं गेलेलं काम मात्र मला परत मिळवून देता आलं नाही. सुंदराबाई त्यानंतर पाच-सहा वर्षं होती असं नंतर कळलं. मी पुन्हा गेलो नाही.

निवृत्तीनंतर मागच्या वर्षी मुलीकडे लातूरला निघालो होतो. नांदेडहून भाड्याची गाडी केली, ड्रायव्हर हदगावकडचा, बोलका. टोल भरून आम्ही पुढं आलो. माळेवाडीसमोर गाडी एकदम खाली बसल्यासारखी झाली आणि दोनदा उसळून पुन्हा सरळ झाली. तेवढ्या पट्ट्यात रस्ता खचला आहे. कंपनीनं त्यावर तीनदा डांबर ओतलं असावं, ठिगळं दिसत होती. खालची माती घट्ट नसेल तर वर काहीही ओता, ते खालीच जातं.

"बगा काका," ड्रायव्हर म्हणाला, "सारा रस्ता लोण्यावानी, आन् बरोबर हितंच घाण. कोणत्या तरी इंजिनिअरनं दाबून पैसे खाल्लेत हितं."

"मीच होतो तो इंजिनिअर," मी म्हणालो.

त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग गाडीचा वेग कमी केला आणि चालू असलेलं गाणं बंद केलं. पैसे खाल्ले नव्हते, हे सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तरी त्यानं मानलं असतं, असं मला वाटत नाही.